नोकरी करत शिकणाऱ्यांचं पण ऐका

संपादक साहेब, नमस्कार.

कंपन्यांना सोबत घेऊन नोकरदारांसाठी डिग्री कोर्स बनवायचे ही कल्पना मला मनापासून पटते, कारण मी स्वतः नोकरी सांभाळून डिग्री करतोय आणि परीक्षेसाठी रजा मागताना किती घालमेल होते ते चांगलं माहितीये. हे काही नवीन नाहीये, अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ पासून काम आणि कॉलेज आलटून पालटून चालतं, इंग्लंडमध्ये २०१५ ला डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता डिग्री, सुरू झाली, त्यात पोरांना पगार मिळतो आणि फी त्यांच्या खिशातून जात नाही (हे सगळ्यात महत्त्वाचं!).

पण एक भीती वाटते. सिलॅबस एकाच कंपनीच्या गरजेवर बेतला तर नोकरी बदलल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग काय? म्हणून विषयाचा पाया काय शिकवायचा हे प्राध्यापकांनीच ठरवावं, कंपनीने खरे प्रोजेक्ट द्यावेत आणि अभ्यासाचे तास ड्युटीतच धरावेत, रात्री ११ ला थकून पुस्तक उघडलं तर डोक्यात काही शिरत नाही हो. आणि मधेच नोकरी गेली तर डिग्री पूर्ण करायची सोय सुरुवातीलाच लेखी द्यायला हवी.

- एक नोकरदार विद्यार्थी