एआयचा मसुदा आणि विदर्भाचा कायदा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एआयमुळे वकिली संपणार का, यावर सध्या बरीच चर्चा होते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांच्या चेंबरांत मात्र हा प्रश्न मागे पडला आहे. नोटीस, जामीन अर्ज, कैफियत, अगदी तहकुबीचा अर्जसुद्धा, यांचा पहिला मसुदा आता सर्रास एआयकडून येतो. ज्युनिअर त्यावर हात फिरवतो आणि सिनिअर सही करतो. यात गैर काही नाही. पूर्वीही मसुदे जुन्या फायलींतून उचललेच जात. पण जुन्या फायलीतला मजकूर निदान एकदा कोर्टासमोर जाऊन आलेला असे.

एआयचे तसे नाही. 'कुळकायद्यावर निवाडे दे' असे सांगितल्यावर तो ग्रंथालयात जाऊन शोधतोच असे नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावरून तो वाक्य रचतो. निवाड्याचा संदर्भ कसा दिसतो हे त्याने असंख्य वेळा पाहिलेले असते: दोन पक्षकार, वर्ष, खंड, पान. त्यामुळे तसा दिसणारा संदर्भ तो बेमालूम तयार करतो, मग तो निवाडा अस्तित्वात असो वा नसो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात असे बनावट निवाडे दाखल झाले आणि जून २०२३ मध्ये वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. हा रोग वकिलांपुरताही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधार म्हणून घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते.

तरीही बनावट निवाडा हा त्यातल्या त्यात सोपा धोका आहे, कारण तो शोधला की सापडत नाही. नागपूरकरांना तर काही खोटे संदर्भ नुसत्या नजरेने ओळखता यायला हवेत. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय १९३६ ते १९५६ एवढेच होते. 'एआयआर १९६५ नागपूर' असे कुणी लिहून आणले, तर ते तपासण्याचीसुद्धा गरज नाही. ज्या शहरातून 'एआयआर'चे, म्हणजे 'ऑल इंडिया रिपोर्टर' या निवाडासंग्रहाचे, खंड देशभर जातात तिथल्या वकिलाने एवढे ओळखू नये, हे बरे दिसत नाही. अलीकडच्या निवाड्यांना आता तटस्थ क्रमांक, म्हणजे न्यायालयानेच दिलेला क्रमांक, असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचा क्रमांक वर्ष, मग बीएचसी-एनएजी, मग अनुक्रमांक असा येतो आणि द्विसदस्यीय पीठ असेल तर शेवटी डीबी लागते. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात २०२३ पासून फुकट वाचता येतात. म्हणजे पडताळणीला पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो.

खरा धोका वेगळा आहे. निवाडा खरा असतो, पक्षकार खरे, परिच्छेदही खरा. पण तो दुसऱ्याच कायद्यावरचा असतो. विदर्भात हे फार घडू शकते. शेतजमिनीच्या कुळवहिवाटीबाबत महाराष्ट्रात तीन वेगवेगळे कायदे आहेत: पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भासाठी १९५८ चा अधिनियम क्रमांक ९९. महाजालावर सर्वाधिक मजकूर पहिल्याचा आहे, म्हणून एआयला 'महाराष्ट्रातील कूळ' म्हटले की १९४८ चा कायदा आठवतो. मग उमरेडच्या शेतजमिनीच्या दाव्यात कलम ३२ आणि १ एप्रिल १९५७ ही तारीख येऊन बसते. विदर्भाच्या कायद्यात जमिनीची मालकी कुळाकडे जाण्याची तरतूद कलम ४६ मध्ये आहे आणि तारीख १ एप्रिल १९६१. कलम ४९-अ खाली ती १ एप्रिल १९६३ होते. तारखेत चार-सहा वर्षांचा फरक पडला की त्या दिवशी जमीन कुणाच्या ताब्यात होती हा मूळ प्रश्नच बदलतो. मसुद्याची भाषा मात्र इतकी सफाईदार असते की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. प्रश्नातच विदर्भ प्रदेश, कायद्याचे वर्ष आणि क्रमांक लिहिले तर चुका कमी होतात, थांबत नाहीत. म्हणून कायद्याचे पुस्तक शेजारी उघडे असलेले बरे.

फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले, तेव्हापासून असाच गोंधळ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. जुने १४४ जमावबंदीचे, नवे १४४ पोटगीचे. जुन्या दंड संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चारांचे कलम आहे. एआयने वाचलेला बहुतेक मजकूर जुन्या क्रमांकांचा आहे, त्यामुळे एकाच अर्जात शीर्षक नव्या कायद्याचे आणि आतला युक्तिवाद जुन्या कलमाचा असे मिश्रण तयार होते. त्यात गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर गुन्ह्याची कलमे जुनीच राहतात. घटनेची तारीख न सांगता मसुदा मागणे म्हणजे चूक मागून घेणे.

मुदतींचेही तेच. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस आणि त्यानंतर तक्रारीसाठी एक महिना. एआय शेवटच्या टप्प्यालाही 'तीस दिवस' लिहून मोकळा होतो. महिना आणि तीस दिवस यांचा हिशेब दर वेळी सारखा येत नाही. शिवाय तक्रारीला झालेला उशीर कारण दाखवून माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही. हा भेद मसुद्यात उमटतोच असे नाही.

एआयने दिलेला निवाडा तपासण्याचा क्रम असा ठेवावा. आधी न्यायालयाच्या संकेतस्थळावरून मूळ प्रत काढायची. एआयने दिलेल्या दुव्यावर किंवा सारांशावर थांबायचे नाही. मग पक्षकार, तारीख, पीठ जुळवायचे. त्यानंतर अवतरणचिन्हांतला मजकूर शब्दशः मूळ प्रतीत शोधायचा. तो बऱ्याचदा थोडा 'सुधारलेला' असतो. चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक टाळली जाणारी: तो परिच्छेद न्यायालयाचा निष्कर्ष आहे की वकिलाचा युक्तिवाद? आपल्याकडचे निवाडे आधी दोन्ही बाजूंची मांडणी विस्ताराने देतात. एआय त्यातले ठसठशीत वाक्य उचलतो आणि ते हरलेल्या बाजूचे निघते. शेवटी, तो निवाडा पुढे मोठ्या पीठाने फिरवला का, हे पाहायचे. इथे एआयच्या माहितीची मुदतही लक्षात घ्यावी लागते. विदर्भातील 'झुडपी जंगल' म्हणून नोंद असलेल्या झुडपांच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २२ मे २०२५ चा आहे. त्यात १२ डिसेंबर १९९६ पूर्वीचे वाटप आणि नंतरचे यांत फरक केला आहे. त्याआधीच्या माहितीवर घडलेले मॉडेल या जमिनींबद्दल आत्मविश्वासाने जुने उत्तर देईल.

एवढे वाचून कुणी एआयला हातच लावू नये असे म्हणेल, तर तेही चूक. चारशे पानांच्या पेपरबुकातून, म्हणजे प्रकरणाच्या कागदांच्या संचातून, घटनाक्रम काढणे, पोलिसांनी नोंदवलेले जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून विसंगती शोधणे, अशिलाला आदेशाचा अर्थ साध्या मराठीत सांगणे, ही कामे तो झटपट करतो. फक्त एकदम चारशे पाने टाकू नयेत. मजकूर लांबला की मधला भाग निसटतो. वीस-पंचवीस पानांचे तुकडे द्यावेत आणि प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक मागावा. पान क्रमांक नसलेली नोंद खोडावी. जबाबातली विसंगती तो पकडतो, पण जबाबात जे सांगितलेच नाही ते त्याला सहसा दिसत नाही, आणि उलटतपासणीत वकिलाला तेच हवे असते. आणखी एक उपयोग कमी जण करतात: आपल्या बाजूचे निवाडे मागण्याऐवजी विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद लिहून मागणे. विचारणाऱ्याला हवे ते सांगण्याची एआयची खोड तिथे आपल्या कामी येते.

महसुली कागदांबाबत मात्र हात आखडता ठेवावा. जुना सातबारा, हस्तलिखित फेरफार किंवा १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी स्कॅन करून दिली तर १ आणि ९ यांची अदलाबदल होते, दशांश चिन्ह गळते. ०.८१ हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर. तेच चिन्ह गळून ८१ झाले तर दाव्याचे मूल्यांकन आणि कोर्ट फी दोन्ही कोलमडतात. पोटखराबाचा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्राचा, रकाना तर अनेकदा बेरजेत मिसळून जातो. क्षेत्र, भूमापन क्रमांक, फेरफार क्रमांक आणि तारखा हाताने ताडून पाहण्याला पर्याय नाही. मराठी साक्षीच्या इंग्रजी भाषांतरालाही हाच नियम लावावा.

गोपनीयतेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे. ती फुकटच्या चॅटमध्ये टाकली की कुठल्या सर्व्हरवर राहील आणि पुढच्या प्रशिक्षणात वापरली जाईल का, हे त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून. लैंगिक अत्याचाराचा एफआयआर जसाच्या तसा चढवणे तर आगीशी खेळ आहे. पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नावांऐवजी 'अ', 'ब' लिहावे. आधार, मोबाइल आणि प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक काढावा, कारण सीएनआरवरून संपूर्ण प्रकरण उघडते.

बनावट ध्वनिफितींबद्दल एकच मुद्दा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या, याच साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ठशासारखा क्रमांक, द्यावे लागते. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढेच त्यातून कळते. मुळात आवाज खरा होता की एआयने घडवलेला, हे नाही. हा प्रश्न उलटतपासणीत विचारावाच लागेल.

न्यायव्यवस्थेने स्वतः एआय नाकारलेला नाही. निवाड्यांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाचे 'सुवास' हे एआय साधन २०१९ पासून आहे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्याच महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीचे थेट लेखांकन एआयने झाले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी धोरण काढले: निर्णय घेण्यासाठी एआय वापरायचा नाही, मान्यताप्राप्त साधनेच वापरायची.

आपल्याकडे वकील संघटनांनी कुणाची वाट न पाहता एक गोष्ट करावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १५ नुसार पक्षकाराला वस्तुस्थितीची सत्यता सहीनिशी नोंदवावी लागते. निवाड्यांना अशी सही नाही. लेखी युक्तिवादाच्या शेवटी एक तक्ता जोडावा: निवाड्याचे नाव, तटस्थ क्रमांक, परिच्छेद, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर, मूळ प्रत कोणत्या तारखेला पाहिली, आणि खाली वकिलाची सही. एआय वापरला का, हे विचारूही नये. त्याने खोटे बोलण्याला निमंत्रण मिळते. ज्युनिअरकडून हा तक्ता भरून घेतला तर त्याचे वाचनही होईल. पूर्वी डायजेस्ट, म्हणजे निवाड्यांचे सारसंग्रह, चाळताना एका उपयोगी निवाड्यासाठी नऊ निरुपयोगी वाचावे लागत आणि ते नऊ पुढे कधीतरी कामाला येत. ते शिक्षण एआयने बंद केले आहे. काटोल, रामटेकसारख्या तालुका न्यायालयांच्या बार रूममध्ये एक संगणक, चालणारे इंटरनेट आणि एक प्रिंटर असला तरी हे जमण्यासारखे आहे.

आणि एक विनंती थेट आपल्याला. न्यायालयीन बातम्यांत '३०२ चा गुन्हा', '१४४ लागू' असे नुसते क्रमांक छापू नयेत. सोबत कायद्याचे नाव द्यावे. एआयचे मराठी वाचन मुख्यतः वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरचेच असणार, आणि आज छापलेला क्रमांक उद्या एखाद्या जामीन अर्जात उतरणार.

आपला,
एक वकील, नागपूर