सहलीला सहल जोडू द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या दैनिकात पुढच्या उन्हाळ्यातील परदेश सहलींच्या पानपानभर जाहिराती येऊ लागतात आणि परभणी, नांदेड, लातूरच्या मंगल कार्यालयांत सहल कंपन्यांचे मेळावे भरू लागतात. मराठवाड्यातून युरोपला जाणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर दांपत्ये आणि अलीकडे बागायतदारही दिसतात. यांपैकी बहुतेकांचे हे जाणे आयुष्यात एकदाच व्हायचे असते. त्यामुळे एवढे लांब जातोच आहोत, तर पॅरिस, स्वित्झर्लंड, रोमच्या सहलीला लागूनच प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टचीही सहल करून यावी का, हा प्रश्न मेळाव्यात कोणी ना कोणी विचारतोच. त्यावर "तसं होत नाही, पुढच्या वर्षी या" असे हसून सांगितले जाते. हे उत्तर कंपनीच्या सोयीचे असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुंबई-पुण्याच्या माणसाला दोन वर्षांत दोनदा जाणे फारसे जड जात नाही. आपल्याकडे मात्र व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायलाही देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी लागते आणि विमानासाठी पुन्हा तीच वारी करावी लागते. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचे, शुल्क जून 2024 पासून प्रौढांना माणशी 90 युरो झाले आहे. त्यावर अर्ज केंद्राचा आकार, विमा, मुंबईतला मुक्काम आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे जाण्यायेण्याचे विमानभाडे. सहली जोडल्या तर हा सारा खर्च एकदाच होतो. बहुतेक कंपन्यांकडे विमानभाडे वगळून केवळ तिथल्या प्रवासाचा दर ठरलेला असतो. त्यांच्या बोलीत त्याला 'जॉइनिंग-लीव्हिंग' म्हणतात. हा दर माहितीपत्रकात ठळकपणे क्वचितच दिसतो, तो मागून घ्यावा लागतो. मग जाताना मुंबई ते पॅरिस आणि येताना बुडापेस्ट ते मुंबई असे तिकीट स्वतः काढता येते. गटाच्या तिकिटांची आसने कंपनीने आधीच अडवून ठेवलेली असतात, त्यामुळे तिला हे गैरसोयीचे वाटणार हे समजण्यासारखे आहे. पण म्हणून 'होत नाही' असे सांगणे योग्य नव्हे.

खरी गुंतागुंत व्हिसाची आहे, आणि ती दिवस कमी पडण्याची नाही. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते, तेव्हा बारा-पंधरा दिवसांच्या दोन सहली त्यात आरामात बसतात. अडचण येते ती अर्ज एकाच सहलीचा कार्यक्रम दाखवून केला जातो तेव्हा. पासपोर्टवरच्या चिकटपट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. तारखा महिनाभराच्या दिसतात म्हणून प्रवासी निर्धास्त होतो, पण मुक्कामाच्या रकान्यात 15 हा आकडा असेल तर सोळाव्या दिवशी त्याचे तिथे असणे बेकायदेशीर ठरते. प्रवेशाचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस यात मोजले जातात. शिवाय पासपोर्ट एकच असल्याने दोन कंपन्यांना एकाच वेळी त्यावर दोन अर्ज करता येत नाहीत. दोन्ही सहली आणि मधले दिवस मिळून एकच प्रवास दाखवणारा एकच अर्ज करणे, हाच सरळ मार्ग आहे.

हा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेही सहल जोडल्याने बदलू शकते. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक असेल, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो; मुक्काम सारखेच असतील तर जिथे प्रथम पाऊल ठेवायचे त्या देशाकडे. समजा, पहिल्या सहलीत फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येकी तीन रात्री आहेत आणि ऑस्ट्रियात एकच, पण दुसऱ्या सहलीत ऑस्ट्रियात आणखी तीन रात्री आहेत. एकेकटी सहल पाहता ऑस्ट्रियाचा विचारही कोणी करणार नाही, पण एकत्र बेरजेत चार रात्री होऊन अर्ज तिकडेच करावा लागेल. लंडन घ्यायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा निराळा लागतो. तेही दोन सहलींच्या मध्ये आले तर शेंगेनमधून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे चालत नाही. त्यामुळे लंडन अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी ठेवावे. विम्याचेही तसेच: किमान 30,000 युरोंचे संरक्षण संपूर्ण मुक्कामासाठी लागते, पण कंपनी आपल्या सहलीपुरताच विमा काढते आणि मधले दोन-तीन दिवस उघडे राहतात.

या मधल्या दिवसांना लोक वाया गेलेले दिवस समजतात आणि आज संध्याकाळी एक सहल संपवून उद्या सकाळी दुसरी धरू पाहतात. माझ्या मते निदान दोन रात्रींची फट हवीच. गटसहलीत सहाला उठणे, सातला न्याहारी, आठला बसमध्ये, हा क्रम रोजचा असतो; साठी ओलांडलेल्या माणसाला दहा-बारा दिवसांनी एक सकाळ तरी उशिरा उठायला मिळाली पाहिजे. कपडे धुवायचे असतात, आणि हॉटेलच्या धुलाईचे दर पाहिले की धुतल्याहून नवा सदरा बरा वाटतो; शहरांत पैसे टाकून यंत्रात स्वतः कपडे धुण्याची दुकाने असतात, तिथे तास-दीड तासात दोघांचे सारे कपडे वाळूनही मिळतात. आणखी एक कारण आहे. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला नऊ तासांपलीकडे गाडी चालवता येत नाही; आठवड्यातून फार तर दोनदा दहा तासांपर्यंत चालवता येते. वाटेत खोळंबा झाला तर आपल्याकडच्यासारखी रात्रीतून बस पळवून वेळ भरून काढता येत नाही. म्हणून पहिल्या सहलीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी किंवा विमान धरण्याचा बेत करू नये.

जोडीही विचार करून निवडावी. दोन्ही सहलींत पॅरिस आणि ॲमस्टरडॅम येत असेल तर पैसे देऊन तीच चित्रे पुन्हा पाहण्यात अर्थ नाही. पहिली सहल इन्सब्रुकला सोडता आली तर तिथून व्हिएन्नाला थेट रेल्वेने साधारण सव्वाचार तासांत पोहोचता येते, विमानाची यातायात उरत नाही. प्राग आणि बुडापेस्टला युरो हे तिथले चलन नाही, कोरुना आणि फोरिंट लागतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. शेतकरी कुटुंबांना मृगापूर्वी घरी परतायचे असल्याने त्यांनी एप्रिलअखेरीस निघावे. मेमध्ये तिथे हवा थंड असते आणि जुलैतल्या गर्दीपेक्षा सगळेच सुसह्य असते.

सर्वांत मोठा धोका मात्र दोन सहलींच्या सांध्यात आहे. पुरेसे प्रवासी न मिळाल्यास कंपनी तारीख पुढे ढकलते किंवा गट दुसऱ्या गटात मिसळते. एकट्या सहलीत तो मनस्तापावर निभावतो. जोडलेल्या सहलीत दुसरीचे पैसे आणि परतीचे तिकीट दोन्ही बुडतात. दोन वेगळ्या कंपन्या असतील तर एकीच्या बदलाची जबाबदारी दुसरी घेत नाही, आणि दोन्ही सहली एकाच कंपनीच्या असल्या तरी त्या बहुधा दोन स्वतंत्र पावत्यांवर आकारल्या जातात. परभणीतच एका दांपत्याला "त्या सहलीचं आमच्याकडे बघू नका" असे त्याच कंपनीच्या दुसऱ्या खिडकीवरून ऐकावे लागले. दोन्ही सहली एकाच नोंदणीत, एकाच पावतीवर घ्याव्यात, तारीख बदलल्यास दुसरी सहल विनाशुल्क बदलून मिळेल हे लेखी घ्यावे, आणि आगाऊ रक्कम त्यानंतरच भरावी. सहलीच्या रकमेवर कंपनी वसूल करते तो टीसीएस हा आगाऊ कर आपल्याच पॅनवर जमा होतो व प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही अनेकांना सांगितले जात नाही.

सहल कंपन्यांकडून फार मोठी अपेक्षा नाही. प्रत्येक जाहिरातीत सहल कोणत्या शहरात सुरू होते, कोणत्या शहरात संपते आणि विमानभाडे वगळून तिचा दर किती, एवढे त्यांनी छापावे, आणि दोन सहली घेणाऱ्याचा व्हिसा अर्ज एकत्र करून द्यावा. आपल्या पर्यटन पुरवणीनेही या जाहिराती स्वीकारताना तेवढा मजकूर मागून घेतला, तर पुढच्या मेळाव्यात आम्हांला प्रश्न नीट विचारता येतील.

आपला,
एक सेवानिवृत्त बँक अधिकारी,
परभणी