बालवाडीच्या खोलीचं कुलूप काढणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे हो दादा, चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. तुम्हाला संकोच वाटेल, तरी लिहितोय.

आमची इमारत गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यातली, पुनर्वसनाची. रुळांकडेची झोपडी गेली आणि २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. पक्क्या भिंती, घरात नळ, घरात संडास. याचं मोल आम्हाला नीट ठाऊक आहे. पण झोपडीसमोर पोराला सोडायला जी चार पावलं जागा होती, ती गेली. दोन इमारतींमधल्या बोळात वरून कचरा पडतो, पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागतो, लिफ्ट कायम बंद. दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन माणसाने जायचं कुठे?

अशा इमारतींच्या नकाशात बालवाडीसाठी एक खोली ठेवावी लागते. आमच्याकडेही होती, फक्त तिच्यात मंडळाचं डेकोरेशन आणि मोडक्या खुर्च्या राहत होत्या. अंगणवाडी सेविका म्हणून उभा जन्म काम केलेल्या बाईने निवृत्तीनंतर स्वस्थ बसायचं, तर तुम्ही कमिटीच्या मागे लागलात. "नकाशात बालवाडी लिहिलंय, गोडाऊन नाही," हे तुमचं मिटिंगमधलं वाक्य इमारतीत अजून सांगतात. किल्ली मिळाली, सामान हललं, भिंतींना रंग लागला आणि सकाळचं खेळघर सुरू झालं.

पहिल्याच दिवशी तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. बायका मुलांना ठेवून निघायला लागल्या, तर तुम्ही दार अडवलंत. "मूल टाकून जायचं नाही. बसा. मी दीड तास आहे, बाकीचा दिवस तुमच्याजवळच आहे ते." मी बेस्टमध्ये कंडक्टर, दुपारपाळीचा. मिसेस पोळीभाजी केंद्रात पहाटे जाते, त्यामुळे सकाळी लेक माझ्याकडे. बायकांच्या घोळक्यात मी दाराशी उभा होतो. तुम्ही सरकून सतरंजीवर जागा केलीत आणि म्हणालात, "या दादा, इथे बापांनाही बसता येतं." आता शनिवारी पाच-सहा बाप असतात. रिक्षावाले आहेत, एक जण रात्रपाळीचा वॉचमन आहे, तो न झोपता थेट येतो.

खेळणी म्हणावीत तर तिथे विकतचं फारसं काही नाही. पाण्याचं घमेलं आणि वाट्या. भिजवलेली कणीक. डब्यांची झाकणं, जुन्या बांगड्या, फडक्यांचे चेंडू. फरशीवर खडूने आखलेल्या चौकोनांतून उड्या. आपडी थापडी, लपाछपी. चिंचोके वरच्या फळीवर, कारण रांगणारं मूल दिसेल ते तोंडात घालतं आणि ते घशात अडकलं तर धावपळीलाही वेळ मिळत नाही. हा नियम तुम्ही कधी, कोणासाठी सैल केला नाहीत. भिंतीवर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि मोबाइल-टीव्ही सगळा धरून तासाच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं हे मोजमाप. आमच्या घरात तीन तास हालायला जागा कुठली? ती तुम्ही खालच्या खोलीत मिळवून दिलीत.

आता माझ्या लेकीचं. अडीच वर्षांची झाली तरी दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नव्हती. जो तो म्हणायचा, "बोलेल हो, काही मुलं उशिरा बोलतात." एका दवाखान्यातही हेच ऐकून परत आलो होतो. तुम्ही कोणताच शेरा मारला नाहीत. ती घमेल्यात वाटीने पाणी ओतत बसली होती. तुम्ही मागे जाऊन नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारलीत. तिने मान वळवली नाही. मग तुम्ही फरशीवर पाय आपटलात, तर लगेच वळली. समोर येऊन बोललात, तेव्हा ती तुमच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होती. हे सगळं माझ्यासमोर झालं, पण त्यातलं काय बघायचं ते तुम्हाला माहीत होतं. मला बाजूला घेऊन म्हणालात, "घाबरायचं नाही, पण कान तपासून घ्यायचे. याच आठवड्यात." वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे लहान मुलांची श्रवण तपासणी होते, हे तुमच्याकडूनच कळलं. माझी ड्युटी होती त्या दिवशी मिसेससोबत तुम्ही गेलात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. उपचार झाले, ऐकू स्पष्ट यायला लागलं, आणि त्यानंतरही तुम्ही घरी कसं बोलायचं ते शिकवत राहिलात: तिच्या समोर बसायचं, हातातल्या वस्तूचंच नाव घ्यायचं, आणि तिला उत्तराला वेळ द्यायचा. आज ती बसचे स्टॉप ओळीने सांगते.

२०२२ मध्ये आपल्या भागात गोवर पसरला, मुलं दगावली, ते दिवस कोणी विसरणार नाही. खेळघरात येणाऱ्या प्रत्येक मुलाचं लसीकरणाचं कार्ड तुम्ही मागून घेतलंत. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसरा राहिलेली मुलं बरीच निघाली. ताप येतो म्हणून नको म्हणणाऱ्या घरात तुम्ही वाद घातला नाहीत. रात्री त्या पोराला बघायला परत याल असं सांगितलंत आणि खरंच आलात.

एकदा विचारलं होतं मी, हे सगळं कुठून शिकलात. तुम्ही ताराबाई मोडकांचं आणि अनुताई वाघांचं नाव घेतलंत. १९४५ साली बोर्डीला, पुढे कोसबाडला, मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. "आपल्याला अंगण नाही, म्हणून खोली," इतकंच तुम्ही म्हणालात आणि भांडी विसळायला उठलात. ताराबाई जन्माने मुंबईच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या मते मुंबईतल्या असल्या प्रत्येक इमारतीच्या कमिटीने आपली बालवाडीची खोली एकदा उघडून आत काय भरलंय ते बघावं. तुमच्यासारखी ताई प्रत्येक इमारतीत असेलच असं नाही, पण खोली आहे.

लेक जूनपासून महापालिकेच्या बालवाडीत जाईल. शनिवारी मात्र आम्ही दोघं येणारच. मे महिन्यात तुम्ही गावी जाल, तेव्हा खेळघर बंद ठेवायचं नाही असं बाकीच्या बापांशी बोलून ठरवलंय. कोणत्या दिवशी कोण, ते लिहून फळ्यावर लावलंय. तुम्ही परत आलात की चुका दाखवा.

काकांना माझा नमस्कार सांगा. शिलाईचं काम संपल्यावर उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या तेच शिवून देतात, आणि त्यांचे आभार अजून कोणी मानलेले नाहीत.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा कंडक्टर दादा