सातवीतली आई

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

आंब्याची पेटी पोचली. निम्मे अजून कच्चे आहेत, पेंढ्यातच ठेवलेत. छोटीचा खोकला गेला. बाकीचं फोनवर बोलता येत नाही (तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि पडवीत कोणी ना कोणी बसलेलंच), म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही वाचून दाखवू नका. आईला चष्मा लावून स्वतः वाचू दे.

मी इथे पुण्यात एका समुपदेशक बाईंकडे जाते. घाबरू नका, नोकरी चालू आहे, घरात भांडण नाही. रात्री झोप लागत नव्हती आणि शेजारच्यांनी दार जरा जोरात लावलं तरी छातीत धडधडायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या आईचं लहानपण कसं गेलं?" मला आधी रागच आला. दुखणं माझं, त्यात आईला कशाला ओढायचं?

पण उत्तर मला तोंडपाठ होतं. आई, तूच सांगितलेलं, तांदूळ निवडता निवडता. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि आजोबांची मनीऑर्डर थांबली. ते गावी परतले. मग दारू, मग आजीला मारहाण. तू सातवीत होतीस. शाळा सुटली आणि तुला दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवलं. हे सगळं तू रेशनच्या यादीसारखं सांगतेस आणि वर म्हणतेस, "घराघरात तसाच होता." असेलही, वाडीतली निम्मी घरं गिरणीच्या पैशावर चालायची. पण तुला भीती वाटायची का, ते तू कधीच सांगितलं नाहीस.

मग मी वाचत गेले. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास 1998 मध्ये छापून आला. घरातली दारू, आईला होणारी मारहाण, छळ, यातलं अठराव्या वर्षाआधी काय काय सोसलं, असं त्यांनी हजारो मोठ्या माणसांना विचारलं होतं. सोसणं जितकं जास्त, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त. नंतरच्या अभ्यासांत तीच गोष्ट पुढच्या पिढीत दिसली. आईने लहानपणी फार सोसलेलं असेल तर मुलांत चिंता, उदासी, चिडखोरपणा जास्त आढळतो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आईचं स्वतःचं नैराश्य, ज्याकडे कोणी कधी बघितलेलंच नसतं. धोका जास्त म्हणजे ठरलेलं नव्हे, कित्येक मुलं ठणठणीत राहतात. आणि "म्हणजे माझ्यामुळे" असं लगेच धरून बसू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. सातवीतल्या पोरीच्या हातात काय होतं?

माझ्या डोळ्यांपुढे आहे ती रात्रीची चूल. बेड्याचं फाटक वाजलं की तुझा डाव कढईतच थांबायचा आणि तू आम्हां दोघांना माजघरात ढकलायचीस. येणारे असायचे बाबा, शेवटच्या एसटीची ड्युटी संपवून. कधी दारूला शिवले नाहीत, कधी आवाज चढवला नाही. तरी तुझे खांदे ताठ. तू आमच्यावर हात उचलला नाहीस, पण कान कसे टवकारायचे ते आम्ही तुझ्याकडे बघूनच शिकलो. दादा अजून नुसत्या पावलांवरून सांगतो कोण रागात आहे.

आणि बाबा, तुम्ही पुढे वाटेवरूनच खाकरायला लागलात. बेड्याला हात लावायच्या आधी दोनदा. मला वाटायचं तंबाखूचा खोकला. घरात एक जरी शांत, भरवशाचं माणूस असलं तर मुलं सावरतात, हे बरेच अभ्यासक सांगतात. मला ते तुमच्यामुळे लगेच पटलं.

सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या बाईंनी 1975 मध्ये लिहिलेलं मात्र डोक्यातून जात नाही. लहानपणी छळ सोसलेल्या आया त्यांनी जवळून पाहिल्या. काहींना घडलेलं सगळं आठवायचं, पण तेव्हाची भीती आणि दुःख पार दाबून टाकलेलं. तेच मग त्यांच्या मुलांच्या वाट्याला यायचं. ज्यांना ती भीती आठवायची, जवळच्या कोणाला सांगता यायची, त्या आया आपल्या मुलांना त्यातून वाचवायच्या. तू मारहाण तुझ्याशीच थांबवलीस गो, हे लहान काम नव्हे. भीती तेवढी राहिली.

आपल्याकडे मनाचं दुखणं म्हटलं की "रत्नागिरीक धाडा" अशी थट्टा होते, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. तुला कुठेही जायला नको. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पहाटे तीनला जाग येऊन ओटीवर बसतेस ना, तेवढं तरी त्यांना सांग. बाबा, तुम्ही फक्त "जुना कशाक उकरतस" म्हणू नका.

चतुर्थीला घर भरलेलं असतं, बोलणं होत नाही. मिरग लागला की मी एकटीच येते. सांगायचं नसेल तर नको सांगूस, जबरदस्ती नाही. पण "घराघरात तसाच होता" एवढं ऐकून मी चुलीपुढून उठणार नाही.

तुमची,
बाय