अजून एकवीस दिवस

चि. मीरा हिस अनेक आशीर्वाद.

काल जिल्ह्याला जाऊन आलो. आईला सांगितलं, हयातीचा दाखला द्यायचाय. दाखला दिलाच, पण गेलो होतो तुझ्या लग्नाची नोटीस बघायला. तू अर्ज पुण्यात दिलास, तरी कायमचा पत्ता इथला म्हणून हरकतींसाठी एक प्रत इथंही तीस दिवस लावतात.

जिन्याखाली काचेचा फलक आहे, कडी गंजलेली. अक्काच्या कुड्या घातलेला तुझा फोटो लांबूनच ओळखला. टाचणी नेमकी तुझ्या केसांत टोचलीय. खाली दोघांची नावं, वयं, नोकरी, आणि तुझ्या पुण्याच्या खोलीचा पत्ता, मजल्यासकट. मी उभा होतो तेवढ्यात एका पोराने मोबाइल काढून फलकाचा फोटो घेतला. त्याचं दुसरंच काही काम असेल. पण मला बसमध्ये बसेपर्यंत धाप लागली होती.

रविवारी फोनवर ओरडलो ते यासाठी. जावेदबद्दल माझ्या मनात काही नाही. विहिरीच्या मोटरचा स्टार्टर त्याने उघडून नीट केला, त्या दिवशी आजीने त्याला न विचारता दुसरी भाकरी वाढली. मला काय कळायचं ते तेव्हाच कळलं.

तू म्हणालीस, "बाबा, तीस दिवसांचा तर प्रश्न आहे." बाळा, मी तीस वर्षं नोटिसा लावल्यात. फेरफाराची नोटीस चावडीवर लावायची, हरकतीला पंधरा दिवस. एकदा एका बहिणीचं नाव वारसाने लागायचं होतं. नोटीस लागली त्याच संध्याकाळी भाऊ तिच्या सासरी पोचले. माझ्याकडे हरकतीची एक ओळ आली नाही. चौदाव्या दिवशी तीच आली, हक्कसोड द्यायला. मान वर केली नाही तिने. माझं दप्तर नियमाप्रमाणे चोख होतं. तिला "काय झालं" एवढं विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

म्हणून हरकत अर्जाची मला भीती नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कारण कलम ४मधलंच लागतं: आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पुरा नसणं, संमती देण्याइतकं मन ठीक नसणं, लग्नाला निषिद्ध इतकं जवळचं नातं. जात-धर्म त्यात कुठंच नाही. अर्ज आलाच तर विवाह अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. आणि काका म्हणतो तसा जमिनीतला तुझा हिस्सा जात नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर मात्र सगळं पहिल्यापासून. ती तारीख जावेदलाही लिहून ठेवायला सांग.

बघ, परत तलाठी होऊन बसलो. तू हे सगळं वाचूनच अर्ज दिला असशील. रागावू नकोस.

दादाचं लग्न मंगल कार्यालयात झालं, नोंदणी चार महिन्यांनी. त्याचा पत्ता कुणी महिनाभर भिंतीवर टांगला नाही. तुझाच का, हे मला पटत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटलं, नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. वाचून बरं वाटलं होतं. आपल्याकडे अजून लागतेच.

तू सातवीत असताना शाळेच्या फलकावर तुझा निबंध लागला होता. मी सायकलवरून तीनदा जाऊन वाचला, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दाखवलं. काल तुझ्या नावासमोर दुसऱ्या कुणी उभं राहू नये म्हणून मीच आडवा उभा राहिलो. कितीसा वेळ राहणार?

एकवीस दिवस उरलेत. तेवढे दिवस कोथरूडच्या मावशीकडे राहा. कामावरून सुटलीस की मिस्ड कॉल दे, बोलायला नको.

साक्षीदार तीन लागतात. दोन तुमचे मित्र आहेत असं आईकडून कळलं. तिसऱ्या जागी माझं नाव घाल. आईला नवं लुगडं घ्यायचंय, तिलाही घेऊन येतो. आधारची प्रत आधी पाठवू की येतानाच आणू, ते कळव.

मावशीला मी फोन केलाय. आज रात्रीच जा.

तुझा,
बाबा