संकट संपले, शिक्षक सभा सुरू झालीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकटकाळात शाळा सांभाळलेले मुख्याध्यापक अधिक खंबीर होतात, झटपट निर्णय घेऊ लागतात, असे कालच्या लेखात कौतुकाने म्हटले आहे. लेखकाने बोलणे फक्त मुख्याध्यापकांशी केलेले दिसते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारायला काय हरकत होती?

कोरोनामुळे एप्रिल २०२० पर्यंत १९०हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या होत्या. त्या काळात आमच्या मुख्याध्यापिकांनी जे केले त्याबद्दल मला आजही आदर आहे. कोणत्या मुलाकडे फोन नाही, कोणत्या घरी एकाच फोनवर तीन भावंडे शिकतात, ही यादी त्यांनी स्वतः पालकांशी बोलून केली. रात्री ठरलेले वेळापत्रक सकाळी बदलावे लागे. सभा घ्यायला वेळच नव्हता. ग्रुपवर सूचना येई, आम्ही पाळत असू, आणि ते योग्यच होते.

मग शाळा उघडल्या. सूचना मात्र तशाच येत राहिल्या, रात्री अकरालासुद्धा. शिक्षक सभा आता ‘गरज पडल्यास’ होते, आणि गरज कधी पडतच नाही. नववीच्या दोन तुकड्या एकत्र केल्याचे मला वर्गात पाऊल टाकल्यावर समजले. बाक पुरेनात, मुले भिंतीला टेकून उभी. विचारायला गेले तर म्हणाल्या, “बाई, तेव्हा नाही का सगळे असेच निभावले?” तेव्हा निभावले, कारण दुसरा इलाज नव्हता. आता आहे, आणि मला त्याचाच राग येतो.

सगळे निर्णय एका व्यक्तीकडे गोळा झाले की पुढच्या संकटाला शाळा आणखी दुबळी होते. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ओकावा प्राथमिक शाळेतली मुले सुमारे ५० मिनिटे मैदानातच थांबली. मागे टेकडी होती. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते आणि कुठे जायचे हे वेळेत ठरले नाही. त्सुनामीत ७४ मुले आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. आधीची तयारी अपुरी होती, हा उच्च न्यायालयाचा ठपका २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. त्याच दिवशी जपानमधल्याच कामाइशी शहरात मात्र माध्यमिक शाळेची मुले उंचावर धावली आणि शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांनाही घेऊन गेली. त्यांना कित्येक वर्षे तसे शिकवलेले होते. खंबीरपणाची चर्चा करताना हेही लिहायला हवे होते.

आणखी एक. लेखात लिपिक आणि शिपाई यांचा साधा उल्लेखही नाही. बंद शाळेत येऊन पुस्तकांचे गठ्ठे बांधणारे आणि फाटकाशी उभे राहून पालकांना देणारे तेच होते. पुढच्या लेखात त्यांनाही बोलू द्या. आणि मुख्याध्यापकांना एवढेच विचारा, की तुमच्या शाळेत शेवटची शिक्षक सभा कधी झाली, आणि तिथे तुमच्याखेरीज कोण बोलले?

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
(कृपया नाव छापू नये)