मंडपवाल्या नानांना, एका फोटोग्राफर पोरीकडून

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त बोलायला वापरता, हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांत कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच कामाचं आहे. नातू वाचून दाखवेलच. त्याला सांगा, मधले फोटोग्राफीचे शब्द गाळू नकोस, आजोबांना सगळं कळतं.

आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं, अमळनेरकडचं ते लग्न आठवत असेल. मी शिडीवर चढून मांडवाच्या पाइपला क्लॅम्प लावत होते, त्यावर फ्लॅश बसायचा होता. शिडी धरायला माणूस नव्हता म्हणून तुम्हीच धरलीत आणि खालून विचारलंत, "बेटा, हाई पडी तं कोना डोकावर पडी?" खाली वरमायांच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. उजेड कुठून येतो, सावली नाकाखाली पडते की गालावर, दुरून फ्लॅश उडवणारा ट्रिगर लागतो की नाही, चर्चा सगळी एवढ्यावरच. आपल्या चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांनी घरात बसून टेबलावर अख्खी दृश्यं उभी केली आणि जगाला दाखवली. तिथे दिवा कलंडला असता तर टेबलावरच पडला असता. आमचा दिवा पंगतीच्या आणि नवरीच्या डोक्यावर लटकतो, त्यात डीजेचा ठोका आणि वैशाखातला वारा. चार पेन्सिल सेल घातलेला फ्लॅश अर्ध्या किलोच्या घरात जातो. त्याला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लावला की वजन वाढतंच, शिवाय वारा धरायला शीडही तयार होतं.

तुम्ही पहिल्यांदा पाइपवरचं कापड बाजूला सारायला लावलंत. झालरीच्या सॅटिनवर क्लॅम्प कितीही आवळा, तो कापडासकट फिरतो. उघड्या लोखंडावर लावला की दातच धरतो. मग क्लॅम्पमध्ये किती जाडीचा पाइप बसतो, ते तुम्ही विचारलंत. सुपर क्लॅम्प म्हणतात त्या जातीचा, मॅनफ्रोटो कंपनीचा मूळ नमुना १३ ते ५५ मिमी जाडीचं काहीही पकडतो आणि १५ किलोपर्यंत वजन पेलतो. तुमचा दीड इंची पाइप बाहेरून सुमारे ४८ मिमी भरतो, म्हणजे आरामात बसतो. दोन इंची पाइप मात्र ६० मिमीचा, त्यावर जबडा पुरत नाही. हे मला मांडवाच्या आदल्या दिवशी फोनवर विचारता येतं, हेच मुळी तुमच्यामुळे सुचलं. आता मी मंडपवाल्याला आधी पाइप विचारते, मग वेळ.

फ्लॅशच्या सामानातले स्क्रू बघून तुम्ही पिशवीत हात घातलात आणि न मोजता म्हणालात, "दोन सूत, वीस आटे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बरोबर होतं. कॅमेऱ्याच्या जगात लहान स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा, मोठा तीन सुती, सोळा आट्यांचा, आणि क्लॅम्पमध्ये बसते ती खुंटी पाच सुती, म्हणजे १६ मिमीच्या आसपास. सहा मिमीचा बोल्ट पाव इंचीसारखाच दिसतो. तो दोनचार आटे आत जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जबरदस्ती केली की आतले आटे मरतात, आणि मग तो जोड वरून घट्ट वाटला तरी भरवशाचा राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून घाईत बोल्ट आणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. मी जोड घट्ट आहे का ते बघत होते, तुम्ही बघत होतात वजन कुठल्या बाजूला लोंबतंय ते. क्लॅम्पमधून आडवी खुंटी बाहेर आलेली, तिच्या टोकाच्या आट्यांवर छत्रीचा ब्रॅकेट (फ्लॅश आणि उजेडाची छत्री धरणारा जोड) फिरवून बसवलेला, आणि ब्रॅकेटवर एका बाजूला कललेला फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स. तुम्ही ब्रॅकेटच्या समोर उभे राहिलात आणि सगळा डोलारा डावीकडून उजवीकडे घ्यायला लावलात. आटे उजव्या हाताचे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळणारे. वजन उजवीकडे लोंबलं की ते स्वतःच जोड आवळत राहतं. डावीकडे असलं की प्रत्येक ठोक्याला केसभर सैल करतं, आणि डीजेचे ठोके काय कमी असतात का! त्यावर तुम्ही स्प्रिंग वायसर (वॉशर) आणि मागून चेकनट, म्हणजे जोड सैल होऊ न देणारा दुसरा नट, दिलात, तो वेगळा. पण दिशा चुकीची असती तर नुसत्या वायसरवर रात्र काढावी लागली असती. इतकी साधी गोष्ट, आणि फ्लॅशच्या कुठल्याही डब्यातल्या माहितीपत्रकात मी ती वाचलेली नाही.

तोच हिशोब तुम्ही फ्लॅशच्या पायालाही लावलात. पाय ज्या खाचेत सरकतो तिला एक बाजू उघडी असते. फ्लॅश आडवा झाला की ते उघडं तोंड वरच्या बाजूला हवं. खाली असलं तर फ्लॅश फक्त बाजूच्या छोट्या स्क्रूच्या दाबावर उभा, आणि तो स्क्रू प्लॅस्टिकच्या पायावर दाबतो. चांगल्या खाचेत पुढे एक भोक असतं. फ्लॅशचा खटका फिरवला की त्याची बारीक पिन त्या भोकात उतरते, आणि मग फ्लॅश सरकत नाही. स्वस्तातल्या ब्रॅकेटला ते भोकच नसतं. खाच धातूची असेल तर पायाखाली इन्सुलेशन टेपची पट्टी लावावी, नाहीतर तळाचे बिंदू एकमेकांना जोडले जातात आणि फ्लॅश भलत्या वेळी उडतो किंवा उडतच नाही. ही टेपची गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तुम्ही मान डोलावलीत, तेव्हा बरं वाटलं.

शेवटी तारेचा तुकडा. स्टेजचे पार लाइट, ते डब्यासारखे दिवे, टांगताना वापरता तीच गुंडाळलेली स्टीलची तार, टोकाला दोन क्लिपा. मी ती क्लॅम्पच्या दांड्याला बांधत होते. तुम्ही म्हणालात, क्लॅम्पच सुटला तर? मग तुम्ही ती थेट पाइपभोवती घेतलीत, दुसरं टोक फ्लॅशच्या मानेत, डोकं आणि धड यांच्या मधल्या खोबणीत. सॉफ्टबॉक्सला वेगळी दोरी. आणि तार इतकी आखूड की सगळं सुटलं तरी वीतभरच खाली येईल. लांब तार असली की पडण्याचा झटका वाढतो आणि तारच तुटू शकते, हे तुम्ही हाताने ओढून दाखवलंत. मग पाइप धरून आख्खा खांब गदागदा हलवलात. नवरीचा मामा घाबरून बघायला आला होता.

त्या रात्री वरणबट्टीच्या पंगतीपर्यंत मला एकदाही वर बघावं लागलं नाही. फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरच्या रेडिओ ट्रिगरवरून कमीजास्त करता येते, म्हणून शिडीही परत लागली नाही. डोकं फक्त चेहऱ्यांकडे. सप्तपदीचे फोटो त्यामुळेच तसे आले, हे घरच्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं कॅमेरा भारी आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. "तारना काय पैसा," म्हणालात आणि विषय मोडलात. पण आता माझा पारोळ्याचा एक मित्रही तशीच तार मागतो आहे, आणि मला स्वतःला दुसऱ्या फ्लॅशसाठी एक हवी आहे. दोन्ही बाजूंना क्लिपा मारून दोन तुकडे करून ठेवा, आणि पाव इंची चेकनट मूठभर. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, त्याआधी मी गोदामावर येऊन घेऊन जाईन. या वेळी बिल करा, नाहीतर मी काकूंच्या हातात पैसे देईन आणि त्या घेतात, हे मला ठाऊक आहे.

तुमची,
मांडवातली फोटोग्राफर